उष्टी हळद

"तक्रारदार ही सदर उत्पादनाची वापरकर्ती नाही," एवढं एकच वाक्य लिहून आमच्या संगणकानं ऐश्वर्या खोतची तक्रार पुन्हा परत पाठवली, तेव्हा ती स्वतःच सांगलीच्या आमच्या कार्यालयात येऊन उभी राहिली. फेब्रुवारीतलं कडक ऊन, आणि बाईच्या गळ्याला लोकरीचा मफलर. आमच्या शिपायानं तिला आधी बाहेरच बसवलं होतं. मी चहाला उठले म्हणून ती दिसली, नाहीतर तीही संगणकासारखीच परत गेली असती.

मी मेघना आवटी, जिल्हा प्रसाधन सुरक्षा अधिकारी. क्रीम, काजळ, केसांचे रंग, माणूस जे जे अंगाला फासतो त्याचं बरंवाईट बघणं हे माझं काम. गावातले लोक मला पावडर इन्स्पेक्टर म्हणतात आणि मला ते कळत नाही असं समजतात.

"मफलर काढता का जरा?" मी म्हटलं.

तिनं काढला. हनुवटीपासून खाली गळपट्टीपर्यंत कातडी लाल होऊन सुजली होती, जागोजागी खाजवून फुटली होती. चार वर्षं पाऱ्याच्या क्रीमांचे बळी बघितलेत मी, तरी नजर वळवावीशी वाटली.

"काय लावलं होतंत?"

"काही नाही ओ मॅडम. तेच तर सांगायलेय कधीपासनं. पिवळाई मी घेतलीच नाही. ती आमच्या ह्यांची होती. मला नुसती उष्टी लागली."

"आणि आता?"

"आता फोडणी दिली तरी घसा आवळतो. मागच्या आठवड्यात वरण खाल्लं नि दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला." ती मफलर पुन्हा गुंडाळू लागली. "सांगलीच्या पोरीला हळद चालत नाही असं ऐकलंय का कुणी?"

मी तरी ऐकलं नव्हतं. चहा तसाच राहिला.

पिवळाई काय आहे हे आता महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, तरी सांगते, कारण जाहिरातीत निम्मंच सांगतात. साधी हळद कितीही चोळा, तिच्यातला कुरक्यूमिन हा गुणाचा भाग कातडीत उतरत नाही. वरवर बसतो आणि आंघोळीला वाहून जातो. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल खणलेली जुनी पेवं आहेत. पूर्वी त्यांत हळद साठवत. अशाच एका पडक्या पेवाच्या मातीत एक जिवाणू सापडला. पिढ्यान्‌पिढ्या हळदीच्या सहवासात राहून हा गडी कुरक्यूमिनवरच जगायला शिकला होता. तो त्याचे इतके बारीक तुकडे करतो की ते कातडीत सहज शिरतात. पिवळाई कंपनीनं त्याला माणसाळवलं आणि हळदीच्या पाकिटात भरलं.

खरी हुशारी पुढे होती. प्रत्येक माणसाच्या कातडीवर असंख्य जिवाणू नांदत असतात, आणि कुणाच्या अंगावर कोण नांदतं हे माणसागणिक वेगळं असतं. कंपनी गिऱ्हाइकाच्या दंडावरून कापसाचा बोळा फिरवून ते वाचायची आणि त्याला जुळेल असंच वाण त्याच्या पाकिटात घालायची. पाण्यात कालवलं की जिवाणू जागे होतात, दोन दिवस काम करतात, मग त्या माणसाच्या अंगावरचे मूळ रहिवासी त्यांचा फडशा पाडतात. काम झालं की पाहुणे गेले. दोन वर्षांत लग्नाच्या हळदीला पिवळाई नाही असं घर सापडेना.

ती परवानगीशिवाय बाजारात आलेली नव्हती. पाऱ्याच्या क्रीमांनी माणसांची मूत्रपिंडं गेली, तेव्हा नवा कायदा झाला आणि त्याच्याबरोबर आभासी त्वचा आली. संगणकात वाढवलेली माणसाची कातडी. प्राण्यांवर प्रयोग नकोत, माणसांवर नकोत. पदार्थातले घटक तिला सांगायचे, किती लावणार आणि किती वेळ ठेवणार ते सांगायचं, की वीस वर्षांनी काय होईल ते ती तासाभरात दाखवते. ऑफिसात आम्ही तिला कातडीबाई म्हणतो. कातडीबाईनं पिवळाई पास केली होती, आणि तिची काही चूक नव्हती. ज्याच्यासाठी बनवली त्याच्या अंगावर पिवळाई निर्धोकच होती.

चूक आमच्या लोकांची होती. 'वापरकर्ता' या रकान्यात एकाच माणसाची कातडी भरता येत होती. ज्या समितीनं तो रकाना ठरवला तिच्यात मराठी माणसंही होती. त्यांच्या प्रत्येकाच्या लग्नात सवाष्णींनी आधी नवरदेवाला हळद लावली असणार, उरलेली वाटीत घालून वाजतगाजत नवरीकडे नेली असणार आणि तिला तीच उष्टी हळद लावली असणार. पण संगणकासमोर बसल्यावर त्यांतल्या एकालाही स्वतःचं लग्न आठवलं नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलंय, 'फक्त एका व्यक्तीसाठी.' लग्नघरात पाकीट कोण वाचतं?

ऐश्वर्याच्या दंडावरून मी बोळा फिरवला. तिच्या नवऱ्याच्या पाकिटाची नोंद आमच्याकडे होतीच. कातडीबाईला मी नवऱ्याचं वाण दिलं आणि कातडी बायकोची दिली. असं करायला तिच्यात सोय नाही. नवऱ्याच्या जागी मी बायकोची माहिती खोटीच भरली. संध्याकाळी उत्तर आलं.

बायकोच्या अंगावर त्या जिवाणूंना खाणारं कुणी नसतं. पाहुणे दोन दिवसांऐवजी कित्येक आठवडे राहतात. मरतात तेव्हा त्यांची प्रथिनं कातडीत मुरतात, आणि त्या प्रथिनांना कुरक्यूमिन चिकटलेलं असतं. शरीराचे पहारेकरी चोराला ओळखून ठेवतात आणि त्याच्या अंगातला सदराही लक्षात ठेवतात. पुढे तोच सदरा घालून एखादा भला माणूस आला तरी त्याला बडवतात. इथे सदरा म्हणजे हळद. पहिल्यांदा फारसं काही जाणवत नाही, फक्त ओळख पटते. त्यानंतर भाजीतली, लोणच्यातली, कुंकवातली, कुठलीही हळद त्या बाईची वैरीण. आणि ही ओळख शरीर जन्मभर विसरत नाही. सगळ्याच नवरीमुलींना होईल असं नाही. कातडीबाईच्या अंदाजानं चौघींतल्या एकीला.

जिल्ह्यात विक्रीबंदीचा आदेश काढायचा अधिकार मला आहे. पण ज्या यंत्रानं परवाना दिला त्याच यंत्राच्या भरवशावर तो काढता येत नाही. जिवंत माणसाची सही असलेली तक्रार लागते, तिच्याबरोबर चाचणी लागते. मी तक्रारीचा कागद ऐश्वर्यापुढे सरकवला. तिनं हात मांडीवरून वर घेतले नाहीत.

"सही नको ओ मॅडम. सासूबाई म्हणत्यात, नवऱ्याची हळद जिला सोसली नाही, ती संसार काय सोसणार. त्यात मी सही केली तर झालंच."

"मग आलात कशाला?"

"कुणालातरी सांगायचं होतं."

संगणकानं ऐश्वर्यासारख्याच नाकारलेल्या आणखी तक्रारी काढून मी त्या मुलींना फोन लावले. जतची एक नुसतीच रडली. विट्याच्या एकीच्या हातातून नवऱ्यानं फोन घेतला आणि म्हणाला, "लग्नाला महिना व्हायचाय मॅडम, कशाला आमच्या घरात काडी टाकता?" एकीनंही सही दिली नाही. मला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला, कारण त्यांच्या जागी मी तरी काय केलं असतं?

आणि एवढं सगळं चालू असताना माझ्याच मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

ओवीचे बाबा ती लहान असताना करोनात गेले. त्यानंतर आम्ही दोघीच. तिचं लग्न सुजय मगदूमशी ठरलं होतं. मुलगा हुशार, शांत, माझ्याशी बोलताना उगाच पायांकडे बघणारा. नोकरीला पिवळाई कंपनीत, जिथे ती वाणं वाढवतात त्याच विभागात. जमवताना मला ते भूषण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुजयची आई तृप्तीताई बस्त्याच्या साड्या दाखवायला आल्या. चांगली हसतमुख बाई. मी विषय काढला.

"विहीणबाई, हळद आपण साधीच घेऊया का? बाजारात नवा माल आलाय, छान आहे."

त्या हसायच्या थांबल्या. "अहो, पोरगा ज्या कंपनीत आहे तिची हळद सोडून बाजारातली लावायची? पाहुणे काय म्हणतील? सुजयचं पाकीट येऊन पडलंय घरात."

"सुजयला लावा की. ओवीला वेगळी लावू."

"म्हणजे उष्टी घ्यायची नाही?" त्यांनी साडीची घडी खाली ठेवली. "असं कसं चालेल ओ? उष्टी लागल्याशिवाय हळद कसली? आणि राग मानू नका, पण तुम्ही काही हळदीत हात घालणार नाही. तुमच्या जावा आहेत की, त्या बघतील सगळं."

मी विधवा आहे हे त्यांनी असं अलगद सांगितलं. राग मानू नका म्हणून सांगितलेली गोष्ट मला अजून गिळता आलेली नाही.

त्या गेल्यावर मी ठरवलं. धाकट्या जावेला विश्वासात घ्यायचं, मगदुमांकडून वाटी आली की ती आत न्यायची, बाहेर साध्या हळदीची वाटी आणायची. पिवळाईची फाईल मुंबईला वर पाठवून द्यायची, कारण होणारा जावई कंपनीत असताना नियमाप्रमाणे मी तिला हातच लावायला नको. मुंबईला फाईल फिरेपर्यंत मुहूर्त संपून जातील. संपले तर संपले. आपली पोरगी वाचली, नियमही पाळला गेला. दोन दिवस मी असंच धरून बसले होते, आणि रात्री डोळा लागत नव्हता तो लग्नाच्या धावपळीनं, असं स्वतःला सांगत होते.

वाटीची अदलाबदल ओवीला कळणारच, म्हणून संध्याकाळी स्वयंपाक करता करता तिला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून मटार सोलत होती. माझं बोलून झालं तरी तिचा हात त्याच एका शेंगेवर होता.

"आई, मला लागलीय."

"काय लागलंय?"

"उष्टी." तिनं शेंग खाली ठेवली. "घाटावर फोटो काढायला गेलो होतो ना, कृष्णेकाठी? हळदीचेही फोटो हवे म्हणाला फोटोवाला. सुजयनं स्वतःचं एक जादा पाकीट कालवलं, आधी स्वतःला फासलं, मग मला. गालाला, गळ्याला. खाज आली होती थोडी. मला वाटलं उन्हानं."

मी गॅस बंद केला. भाजीत नुकतीच हळद टाकली होती.

"जेवताना काही होतं?"

"ओठ चुरचुरतात." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आठवडा झाला. तुला सांगितलं नाही, लग्नाच्या गडबडीत तू आधीच..."

चाचणीची पेटी माझ्या पिशवीतच असते. हातावर हळदीच्या अर्काचा थेंब टाकायचा, त्यातून सुईनं हलकं टोचायचं आणि वाट बघायची. शरीरानं हळदीला वैरी मानलं असेल तर तिथं डास चावल्यासारखा फुगवटा येतो. मी शेकडो हातांवर हे केलंय. ओवीचा हात धरल्यावर मला सुई धरता येईना, तेव्हा तिनंच माझं मनगट घट्ट धरलं. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर बसून तिच्या हाताकडे बघत राहिलो. कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही.

फुगवटा आला. आधी बारीक, मग रुपयाएवढा, त्याच्या कडेनं लाल वर्तुळ. मी तिला औषध दिलं, भाजीचं पातेलं उचलून गच्चीवर नेऊन ठेवलं, खिडक्या उघडल्या, ओटा पुसला, पुन्हा पुसला. मसाल्याचा डबा फडक्यात बांधला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. नवरा गेल्यापासून मी हळदीकुंकवाला जात नाही, कारण मला कुणी बोलवत नाही. माझ्या लेकीला सगळी सांगली बोलवणार होती, आणि तिला जाता येणार नव्हतं. नुसतं हळदीकुंकू कशाला, ज्या घरात भाजी शिजते त्या कुठल्याही घरात तिला आधी दारात विचारावं लागणार होतं. आणि मी, जिचं कामच हे, तिच्या फोटोंची तारीफ करत बसले होते.

ओवी डोळे पुसून म्हणाली, "त्या बाकीच्या मुली सही देत नाहीत म्हणालीस. माझी घे."

"तुझी चालत नाही. मी तुझी आई आहे. नात्यातली तक्रार घेऊन आदेश काढला तर तो टिकणारच नाही, वर माझी नोकरीही."

"पण लगेच तर रद्द नाही ना होणार? किती दिवस टिकेल?"

मी विचार केला. "कंपनी अपील करेल. सुनावणी लागेपर्यंत टिकेल."

"तोपर्यंत मुहूर्त किती होऊन जातील?"

"बरेच."

"मग काढ की," ती म्हणाली. "सुजयला मी सांगते."

सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी आदेशावर सही केली. दुपारपर्यंत जिल्ह्यातल्या दुकानांतून पिवळाईची पाकिटं उतरली. संध्याकाळी कंपनीच्या माणसांनी ओवी कोणाची मुलगी हे शोधून काढलं, आणि दोन दिवसांत माझ्या निलंबनाचं पत्र आलं. वर्तमानपत्रात आलं की पावडर इन्स्पेक्टरीणबाईंनी घरगुती भांडण सरकारी कागदावर काढलं. लग्नघरांतून मला शिव्या घालणारे फोन यायला लागले. कुणाची मागवलेली पाकिटं अडकली होती, कुणाचा नवरदेव काळा दिसणार होता.

सुजय आला तो फाटकाबाहेरच उभा राहिला. कामावरचे कपडे टाकून, डोक्यावरून आंघोळ करून आलो म्हणाला, तरी आत येईना.

"काकू, माझ्या अंगावरचं कधी जाईल?"

"तुझं दोन दिवसांतच गेलं होतं. हिचं जाणार नाही."

ओवी अंगणाच्या अलीकडच्या टोकाला उभी होती. तिनं विचारलं, "तुमच्यात कुणी विचारलं नव्हतं का रे, उष्टीचं?"

तो फाटकाच्या कडीशी खेळत होता. "मी विचारलं होतं. गेल्या वर्षी. साहेब म्हणाले, लेबलवर लिहिलंय आपण."

"आणि तू गप्प बसलास?"

"हो."

"आणि घाटावर मलाच लावलीस?"

"फोटोवाला म्हणाला लाव. तेव्हा लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "खरंच आलं नाही, ओवी."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती, आणि तो खरं बोलतोय हेही कळत होतं. समितीतल्या लोकांचं तेच झालं होतं. हळद हातात आली की माणूस विचार करायचं सोडून देतो.

ओवी वळून घरात गेली. त्यानं नोकरी सोडली आणि पुढचा महिनाभर तो रोज फाटकाशी येत राहिला. तृप्तीताईंनी लग्न मोडलं असं पाहुण्यांना कळवूनही टाकलं होतं. इकडे बाजारात हळदीचा हंगाम भरात आला, पोत्यांनी भरलेल्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या, आणि वारा सुटला की ओवीचे डोळे सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हिला सांगलीतून हलवा. शेवटी एक दिवस तिनं फाटक उघडलं. रत्नागिरीच्या निबंधक कार्यालयात दोघांनी सह्या करून लग्न केलं. विहीणबाई आल्या नाहीत. मी नवीकोरी साडी नेसून गेले, तिकडेच शिवून घेतलेलं पोलकं घालून, तरी ओवीला जवळ घेताना श्वास रोखून धरला होता. माझ्या हातांना सांगलीचा वास येत असेल अशी मला भीती वाटत होती.

एप्रिलमध्ये कोल्हापुरात सुनावणी लागली. तिघा सदस्यांचं अपील मंडळ. कंपनीतर्फे केतकी शिराळकर नावाची तरुण वकील होती. हातात हिरवा चुडा, नवी नवरी. बोलायला अशी धारदार की माझाच आदेश मलाही चुकीचा वाटायला लागला.

"जिल्ह्यात हजारो लग्नांत हे उत्पादन वापरलं गेलं," ती मंडळाला म्हणाली. "तक्रारीवर सही किती जणींची? एकीची. ती कोण? अधिकाऱ्यांची मुलगी. मॅडम, हा आदेश तुम्ही तुमच्या मुलीसाठीच काढलात ना?"

"नाही," मी म्हणाले. "तिच्यासाठी उशीर झाला होता."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. जेवणाच्या सुट्टीनंतर निर्णय देतो म्हणाले. नात्याबाहेरची एक जरी तक्रार असती तर आम्हाला आदेश कायम ठेवून राज्यभर चौकशी लावता आली असती, ती नसेल तर आमचे हात बांधलेले आहेत, असंही त्यांनी सांगितलं. मे महिन्याचे सगळे मुहूर्त समोर होते. सकाळीच मी ऐश्वर्याला फोन केला होता. तिनं उचलला नव्हता.

मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. थोड्या वेळानं केतकी शिराळकर डबा घेऊन आली आणि दुसऱ्या टोकाला बसली. डबा उघडला, बघितला आणि मिटला. खोकली. पाणी प्यायली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. आतमध्ये जिनं माझी सालं काढली तिच्याशी बोलायची मला हौस नव्हती.

"मॅडम," तीच म्हणाली. "तुमच्या मुलीला आधी काय व्हायचं?"

"ओठ चुरचुरायचे."

ती काळ्या कोटाची बाही वर सारत माझ्या बाजूला सरकली.

"माझी हळद जानेवारीत झाली. आमच्याकडेही उष्टी आली होती. पंधरा दिवस घरचा डबा खाववत नाही. घरी सांगितलं तर म्हणतात, माहेरची आठवण येत असेल." तिनं हात पुढे केला. "टोचून बघता का?"

मी निलंबित होते, पण पेटी माझ्याकडेच होती. ती परत मागायची ऑफिसात कुणाला आठवण झाली नव्हती. मी थेंब टाकला, टोचलं. आम्ही दोघी वाट बघत बसलो. तिनं विचारलं, ओवी आता काय खाते. मी सांगितलं, वरण पांढरं करते, लोणचं बिनहळदीचं घालायला शिकलीय, लग्नाकार्याला जात नाही. ऐकता ऐकताच तिचे डोळे भरून आले, कारण तोवर तिच्या हातावरची कातडी वर यायला लागली होती.

"अजून वाढेल," मी म्हणाले. "गोळी घे आधी. आणि हे नीट ऐक. माझी चाचणी मंडळ मानणार नाही, दवाखान्यात पुन्हा करतील. पण तक्रारीवर सही आजच लागेल, आत बोलावण्याच्या आधी. सही केलीस तर कंपनीचं वकीलपत्र सोडावं लागेल."

"ते कळतंय मला." तिनं डोळे पुसले आणि पर्समधून फोन काढला. "एकदा घरी विचारते. यांना नि सासूबाईंना."

आतून शिपायानं दाराशी येऊन घंटा वाजवली. मी पिशवीतून तक्रारीचा कोरा कागद काढून बाकावर ठेवला.

"केतकी, आधी सही कर," मी म्हणाले. "फोन केलास तर करणार नाहीस."

ती फोनकडे बघत राहिली. मग तो पालथा घालून बाकावर ठेवला आणि माझ्याकडे पेन मागितलं.